हाकेचं इंजेक्शन

भोळ्यानं निवृत्तीतात्यांना शिंगावर घेतलं तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होते. आधी आवाज आला तो तात्यांच्या ओरडण्याचा नव्हता, बरगडीचा होता. मग तात्या पत्र्यावर आदळले, तिथून खाली चिखलात पडले, आणि भोळ्या त्यांना दुसऱ्यांदा उचलायला मान खाली घालून निघाला. मी पाटी टाकली, खोरं उचललं आणि त्याच्या नाकाडावर घातलं. ज्या तोंडात मी दुधाची बाटली धरून त्याला वाढवला, त्याच तोंडावर.

रक्त आलं. भोळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्या बघण्यात ओळख म्हणून नव्हती. मी तात्यांना बखोटीला धरून ओढत बाहेर काढलं आणि फाटकाला अडसर घातला. त्या फाटकाचा लोखंडी बार अजून वाकलेला आहे, येऊन बघा कुणीही.

जालिंदर धावत आला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. पुढचं ऐका, मग मला शिकवा नाव घ्यायचं की नाही ते. तर जालिंदर आला आणि त्यानं चिखलात विव्हळणाऱ्या सख्ख्या चुलत्याकडं बघितलंसुद्धा नाही. फाटकावरून हात घालून त्यानं भोळ्याच्या वशिंडावर थाप मारली.

"बघितलंस का माया? पाखऱ्या हाय ह्यो. माझा पाखऱ्या परत आला."

पाखऱ्या म्हणजे माझ्या सासऱ्यांचा खिलार. आमच्या माणदेशात त्याच्याएवढा पळणारा बैल दुसरा झाला नाही असं लोक म्हणतात, आणि लोकांचं एवढं एक खरं आहे. तो शर्यतीच्या मैदानात उतरला की बाकीचे आपली जोडी गाडीत घालून परत न्यायचे. सासरे गेले, मागोमाग पाखऱ्याही म्हातारा होऊन गेला. पण तो मरायच्या आधी माणगंगा पशुबीज केंद्राच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. शबनम मुलाणी त्यांचं नाव, आमच्याच भागातल्या. त्यांनी पाखऱ्याच्या अंडातला वाटाण्याएवढा तुकडा काढून बर्फात ठेवला आणि जालिंदरला सांगितलं, तुमचा बैल जाईल, पण त्याचं बीज जाणार नाही.

काही वर्षांनी त्या एक वासरू घेऊन आल्या. पांढरंधोप, लांब कानांचं, कुणाच्याही मागं जाणारं. मी किटली वाजवली की असेल तिथून दुडदुडत यायचं. मीच नाव ठेवलं भोळ्या. मूलबाळ नव्हतं मला, नऊ वर्षं झाली होती लग्नाला. तेव्हा ती बाटली धरताना मला काय वाटायचं ते मी सांगत बसत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल.

हा भोळ्या कसा बनवला ते डॉक्टरीणबाईंनी मला चुलीपुढं बसून समजावलं होतं. बैलाच्या अंडात सुतासारख्या बारीक नळ्यांचं भेंडोळं असतं. नळीच्या भिंतीला आतून मूळपेशी बसलेल्या असतात. एका मूळपेशीच्या दोन होतात. एक तिथंच राहते, दुसरी निघते, आणि जी निघते तिचंच पुढं बीज होतं. आता कुणी राहायचं आणि कुणी निघायचं हे मूळपेशी एकटी ठरवत नाही. तिच्याभोवती दाईपेशी असतात. त्या तिला अंगाशी धरतात, खायला घालतात आणि तिच्याशी बोलतात. बोलतात म्हणजे प्रथिनं सोडतात. एक प्रथिन सांगतं, थांब. दुसरं सांगतं, निघ. मूळपेशीही उलट कळवते की मला हे कमी पडतंय, मला इथं दाटी होतेय. हे बोलणं रात्रंदिवस चालतं, आणि ते नीट चाललं तर बैल म्हातारा होईपर्यंत बीज आटत नाही.

भोळ्याच्या जनुकातला एक टाका त्याच्या जन्माआधीच उसवलेला होता. त्याच्या नळ्यांत दाया होत्या, मूळपेशी नव्हत्या. घर आहे, चूल आहे, राहणारं कुणी नाही. त्या घरात पाखऱ्याच्या मूळपेशी सोडल्या. म्हणजे अंग भोळ्याचं, पण त्याच्यापासून गाभण जाणाऱ्या गाईच्या पोटी वासरं येणार पाखऱ्याची. परक्या घरात पाहुणा टिकावा म्हणून सुरुवातीला ते 'थांब' म्हणणारं प्रथिन बाहेरून टोचायचं. कागदावर त्याचं नाव हातभर होतं. आमच्याकडं सगळे त्याला हाकच म्हणायला लागले. हाकेचं इंजेक्शन.

"घर धरलं की बंद करायचं," डॉक्टरीणबाई जालिंदरला म्हणाल्या होत्या. "एकसुद्धा जास्त नको."

पण डॉक्टरीणबाई शिकलेल्या होत्या, शर्यतवाल्या नव्हत्या. शर्यतवाल्यांच्यात खुराक बंद करत नसतात. दिवाळीला खुराक सुरू केला की बेंदरापर्यंत, बैलांच्या सणापर्यंत, मोडायचा नाही. दूध, अंडी, उडदाची डाळ, घरात पोरांना मिळो न मिळो, बैलाला मिळणार. मध्येच खुराक तोडला तर बैलाचा अपमान, आणि आमच्याकडं बायकोचा अपमान चालतो, बैलाचा चालत नाही. जालिंदरनं हाक खुराकात धरली. केंद्रातलं औषध संपलं तर शर्यतीच्या बाजारात चोरून मिळायला लागलं होतं. हळूहळू सगळेच आपल्या बैलांना टोचायला लागले. बैलांची छाती भरायची, डोळ्यांत तांबडं यायचं, आणि पंचक्रोशीतल्या दवाखान्यांत मोडलेली माणसं यायला लागली. कुणी औषधाला बोल लावला नाही. बैल तेज झालेत, एवढंच म्हणायचे.

तात्यांना गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं आणि मी भोळ्याला वैरण टाकायला गेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्याच्या कानातला केंद्राचा बिल्ला नाही. तो बिल्ला रक्तातला नराचा रस मोजायचा आणि डॉक्टरीणबाईंच्या फोनवर धाडायचा. कान फाटला नव्हता, म्हणजे बिल्ला कुणीतरी नीट कापून काढला होता. मी जालिंदरला विचारलं, बिल्ला कुठं गेला.

त्यानं खुंटीवरची चामड्याची वादी काढली आणि माझ्या तोंडावर मारली.

हा माणूस वाटेत मुंगळ्यांची रांग दिसली तर बाजूनं जायचा. मला ताप आला तर म्हशीची धार काढून, वर भाकरी थापून द्यायचा, गोल नाही यायची पण द्यायचा. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मूल होत नाही त्याला कारण ह्याच्यात आहे, मूळपेशी थोड्या आहेत आणि त्याही निपचित. ते मी माझ्या आईलाही बोलले नव्हते. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, चारचौघींत मला वांझ म्हणायच्या आणि मी गप्प बसायचे, कारण तो रात्री माझे पाय धरायचा. असा माणूस. त्यानं मला वादीनं मारलं, पहिल्यांदा तोंडावर आणि मग मी वाकले तर पाठीवर, दमेपर्यंत. माझा एक दात चुलीपुढं पडलेला आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी केरात काढला.

"पुरुषाचा हात हाय, उठतोय कवातरी," त्या म्हणाल्या. "तू थांब जरा. निवळंल."

मी थांबले. त्या आठवड्यात भोळ्यानं पाण्याच्या टाकीवर शेजारच्यांचा जवान बैल मारला. मारला म्हणजे पोट फाडलं आणि तो पडल्यावरही सोडला नाही. माणसं काठ्यांनी झोडत होती आणि हा त्या मेलेल्या जनावराला ढुशा देत होता. शेजारी कुऱ्हाड घेऊन आमच्या दारात आला, तर जालिंदरनं त्याला तिथंच खाली पाडून दगडानं त्याचा जबडा फोडला. दोघांची तोंडं सारखीच दिसायला लागली होती मला, नवऱ्याची आणि बैलाची. मान पुढं, श्वास मोठा, डोळे कुणालाच न ओळखणारे. तेव्हासुद्धा माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

पडला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. मी कडब्याच्या गंजीमागं पेंडी काढायला गेले. तिथं जालिंदर भोळ्याला घेऊन उभा होता. त्यानं भोळ्याच्या मानेत सुई टोचली, काढली, बाटलीतून पुन्हा भरली आणि सदरा वर करून तीच सुई आपल्या पोटात खुपसली. पोटावर निळे डाग होते, जुने, नवे, कितीतरी.

मला बघून तो दचकला, आणि मग रडायला लागला. मोठ्ठा बाप्या, पण हुंदके देऊन. म्हणाला, माझ्या मूळपेशी झोपल्यात, डॉक्टरीणबाईच म्हणत्यात ना की हाक दिली की त्या टिकत्यात, वाढत्यात. बैलाच्या रिकाम्या घरात पाहुणे राहिले, माझ्या घरात तर आपलेच हायत. आपल्याला पोर हुईल माया, तुला कुणी वांझ म्हणणार न्हाई.

खरं सांगते, त्याला मारावं की कुशीत घ्यावं ते मला कळेना. माझ्यासाठी हा येडा जनावराचं औषध टोचून घेत होता. आणि तेच औषध घेऊन मला मारत होता. मी त्याच्यासमोरच फोन काढला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले की आहात तशा निघा.

त्या तासाभरात आल्या. भोळ्याला खोड्यात घ्यायला चार माणसं लागली आणि त्यातल्या एकाचा अंगठा गेला. यंत्र लावून त्यांनी बराच वेळ तपासलं. मग आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

भोळ्याच्या नळ्या गच्च भरल्या होत्या. सारखं 'थांब, थांब' ऐकून मूळपेशी थांबल्याच होत्या. निघायचं कुणीच नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार, सगळ्या तिथंच दाटीवाटीनं साचलेल्या. निघालीच नाही तर बीज कशाचं होणार? त्याच्यात बीज शून्य होतं. साचलेल्या पेशींच्या गाठी झाल्या होत्या आणि अशा गाठी पुढं सडतात, त्यांचा कॅन्सर होतो. नळ्यांच्या बाहेर नराचा रस बनवणाऱ्या पेशी राहतात. आतला हा कालवा ऐकून त्याही पिसाळल्या होत्या. मूळपेशी आणि आजूबाजूचं घर एकमेकांशी बोलतात, तेव्हा एकाला ओरडून सांगितलं की सगळी आळी जागी होते.

"बीज शून्य आणि माज चौपट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भोळ्याला चिमटा लावावा लागेल. खच्ची केला तर जगेल, नाहीतर तो तरी मरेल नाहीतर तुमच्यातलं कुणीतरी." मग त्या जालिंदरकडं वळल्या. "आणि जालिंदरभाऊ, तुमच्या आत आत्ता हेच चाललंय. आज थांबवलंत तर शरीर सावरेल. कदाचित मूलही होईल, मी नाही म्हणत नाही. पण इथून पुढं एक जरी सुई टोचलीत तरी मागं फिरायची वाट नाही. तुम्ही घरच्यांना मारताय तेही ह्यानंच. कळतंय ना मी काय म्हणतेय ते?"

जालिंदर मान खाली घालून बसला होता. कळतंय म्हणाला. फक्त बेंदूर होऊ द्या, भोळ्याला वेशीतला कर तोडू द्या, मग न्या त्याला, असं म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ समजावलं, पण बैल त्याच्या दावणीला होता आणि गावही त्याच्याच बाजूनं होतं. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी चिमटा घेऊन येते असं सांगून त्या गेल्या.

त्यांची गाडी वळणाआड गेली तसा जालिंदर उठला. माझा डावा हात त्यानं दाराच्या चौकटीत धरला आणि दार लावलं. मग उघडून पुन्हा लावलं. एका बाईपुढं त्याची मान मी खाली घालायला लावली होती, ही त्याची शिक्षा. तीन बोटं मोडली. आत्याबाई आतल्या खोलीत देवापुढं बसल्या होत्या आणि त्यांच्या टाळ्यांचा आवाज जरा मोठा झाला, एवढंच.

मी उंबऱ्यावर हात पोटाशी धरून बसले होते. जालिंदरनं फ्रिजमधून बाटली काढली, माझ्यासमोर मांडी घातली, सुई भरली. आणि माझ्या डोळ्यांत बघत बघत पोटात टोचली. सावकाश.

ते बघणं लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, तेव्हाच का नाही निघालीस. भोळ्याला कुणाच्या तोंडी देऊन निघू? बेंदराच्या दुसऱ्या दिवशी चिमटा येणार होता, मग त्याची सुटका होती. तोवर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा असं मी ठरवलं. हात फडक्यात बांधला आणि भाकऱ्या एका हातानं थापल्या.

बेंदराला आमच्याकडं बैलांना आंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, झूल घालतात आणि संध्याकाळी वेशीत कर तोडायला नेतात. कर म्हणजे गवताचा मनगटाएवढा जाड दोर, त्याला आंब्याची पानं, नारळ बांधलेले, वेशीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ताणलेला. बैल पळवत आणायचे. जो पहिला कर तोडेल त्याच्या मालकाला वर्षभर गावात मान. सासऱ्यांच्या काळात तो मान पाखऱ्यानं कधी दुसऱ्याला जाऊ दिला नव्हता. त्या दिवशी सकाळी जालिंदरनं भोळ्याला दुप्पट हाक टोचली आणि स्वतःलाही.

वेशीत अख्खं गाव होतं. हलग्या कडाडत होत्या, वरून कॅमेऱ्यांचे ड्रोन घुमत होते. चौघे जण दोन्ही बाजूंनी कासरे ताणून भोळ्याला आणत होते, जालिंदर सगळ्यात पुढं, डोक्याला गुलाबी फेटा. कर दहा-बारा पावलांवर आला आणि भोळ्यानं कराकडं बघितलंच नाही. तो हलगीकडं वळला.

एका हिसड्यात कासरे सुटले. हलगीवाल्याच्या मांडीत शिंग गेलं ते पलीकडून निघालं. त्याला तसाच डोक्यावर घेऊन भोळ्या गर्दीत घुसला आणि तिथं झटकून टाकला. माणसं एकमेकांना तुडवत पळाली; बांगड्यांच्या दुकानाचं छत खाली आलं; एक म्हातारी त्याच्या खुरांखाली गेली आणि पुन्हा हलली नाही. कुणी दगड मारत होतं, कुणी पेटलेला बोळा फेकत होतं, आणि प्रत्येक दगडाबरोबर तो आणखी पिसाळत होता. जालिंदर करापाशी उभा राहून ओरडत होता, अरे कर तोड, कर तोड. त्याला ती म्हातारी दिसतच नव्हती.

मी पुढं झाले. मी काही शूर वगैरे नाही, पण दुसरं कुणी होणार नव्हतं. येताना मी किटली घेऊन आले होते, का आणली ते मलाही ठाऊक नाही. मोडक्या हाताच्या कोपरात ती धरली आणि उजव्या हातानं वाजवली. त्याच्या लहानपणी वाजवायचे तशी.

"भोळ्या, ये रं बाळा. ये."

तो माझ्यावरच येत होता. शिंगांवरून रक्त ओघळत होतं, हिंगुळाच्या रंगात ते वेगळं दिसतही नव्हतं. मी पुन्हा वाजवली. माझ्यापासून हातभर अंतरावर तो थांबला. सगळं अंग थरथरत होतं, तोंडाला फेस होता. मग त्यानं मान खाली घातली आणि त्याचं ओलं नाक माझ्या बांधलेल्या हाताला लावलं. हुंगत राहिला. हलग्या थांबल्या होत्या, माणसं जिथल्या तिथं उभी होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण हा मला विसरला नव्हता. एवढं औषध अंगात असून विसरला नव्हता.

जालिंदरला ते सहन झालं नाही. पाखऱ्याचा वारस गावासमोर बायकोच्या किटलीला थांबला. नारळ फोडायला आणलेला कोयता त्यानं उचलला आणि मागून येऊन भोळ्याच्या मागच्या पायाची शीर तोडली. भोळ्या मागच्या अंगावर बसला. जालिंदरनं दुसरा घाव पाठीवर घातला. मी मध्ये गेले. तेव्हा कोयता माझ्यावर उठला; त्याचं पातं मला दिसलं, त्याच्यामागं जालिंदरचं तोंड दिसलं, आणि त्या तोंडात माझ्यासाठी काही नव्हतं.

भोळ्यानं बसल्या जागेवरून फक्त मान वळवून झटकली. शिंग जालिंदरच्या ओटीपोटाखाली, दोन मांड्यांच्या मधोमध गेलं. त्याला वर उचललं आणि टाकलं. मला वाचवायला केलं की दुखण्यानं केलं ते मला ठाऊक नाही. जनावराच्या मनातलं सांगणारी मी कोण?

भोळ्याला तिथंच गोळी घालायची म्हणून पोलीस आले. डॉक्टरीणबाई त्यांच्याआधी पोचल्या होत्या. पडलेल्या भोळ्याला त्यांनी भूल दिली, वेशीतच, फुटलेल्या नारळांच्या मधे बसून चिमटा लावला आणि पोलिसांना म्हणाल्या, आता हा बैल कुणाला काही करणार नाही, माझी जबाबदारी.

मी जालिंदरबरोबर सांगलीला गेले. सर्जननी बाहेर येऊन सांगितलं की दोन्ही बाजू फाटल्यात, पण त्याहून वाईट म्हणजे आत गाठीच गाठी आहेत. दोन्ही काढल्या तर जगेल, एक जरी ठेवली तर आज ना उद्या त्यानंच जाईल. तो बेशुद्ध होता, सही मी करायची होती. आत्याबाईंनी माझे पाय धरले. आयुष्यात पहिल्यांदा.

"सही करू नगंस," त्या म्हणाल्या. "वंश बुडंल माझा. थांब, दुसऱ्या डॉक्टरला इचारू."

"आत्याबाई, वंश पायजे का ल्योक?"

मी उजव्या हातानं सही केली, डावा अजून फडक्यातच होता. त्या दिवसापासून वंश बुडवणारी म्हणून माझं नाव झालं. होऊ दे. वांझपेक्षा बरं आहे, निदान हे मी स्वतः केलेलं आहे.

पावसाळा सरेपर्यंत जालिंदर घरी आला. आधीसारखा झाला, अगदी आधीसारखा. रोजच्या जगण्यापुरता नराचा रस गोळीतून मिळायचा, तेवढाच. आवाज खाली आला, मुंगळे बघून बाजूनं जायला लागला. गोठ्यात जाऊन लंगड्या भोळ्याच्या गळ्यात पडून रडायचा. आणि भोळ्या त्याचा हात चाटायचा. ज्यानं कोयता मारला तोच हात. आख्ख्या गावानं मला सांगितलं, आता औषध उतरलं, आता सांभाळ त्याला. डॉक्टरीणबाईंनीही एकदा चाचरत विचारलं, मायाक्का, त्यांना आता धोका नाही, काय ठरवलंय?

एका दुपारी जालिंदर माझ्यासमोर येऊन बसला. त्यानं माझी वाकडी राहिलेली बोटं हातात घेतली.

"माया, त्यो मी नव्हतो गं. औषध हुतं त्ये."

मी हात सोडवून घेतला.

"भोळ्याला कुणी इचारलं न्हवतं," मी म्हणाले. "त्याला सुई कुणी टोचली, कशाची टोचली, त्याला काय ठाऊक. तरी त्यो थांबला. तुमास्नी डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, ह्यानं तुमी बायकोला मारताय. तुमी म्हणलासा, कळतंय. त्याच सांजला माझी बोटं मोडलीसा आणि माझ्याकडं बघत सुई भरलीसा. औषधानं राग येतोय, मान्य. पण औषध आपून उठून सुईत जात न्हाई. आधीचा मार मी औषधाच्या खात्यात घातला. त्या सांजपासनंचा तुमच्या."

तो खोटारडा कधीच नव्हता. उठला आणि गोठ्यात भोळ्याकडं गेला.

मला त्याची दया येते. अजून येते, लपवत नाही. पण दया आली म्हणून त्याच उंबऱ्यात आयुष्य काढायचं का? आत्याबाई म्हणाल्या थांब, गाव म्हणालं थांब, माझी आईसुद्धा फोनवर थांबच म्हणाली. सारखं थांब ऐकून काय होतं ते मी यंत्रावर बघितलं होतं, खोड्यातल्या भोळ्याच्या आत, गाठीच गाठी.

केंद्रातल्या वासरांना बाटलीनं वाढवायला बाई हवी होती. मी सकाळी गाठोडं बांधलं, भोळ्याला दावणीतून सोडलं आणि किटली कोपरात अडकवली. आत्याबाई दारात बसून शिव्या देत होत्या. जालिंदर फाटकापर्यंत आला, त्या वाकलेल्या बाराला धरून उभा राहिला. आम्ही ओढ्यापर्यंत गेल्यावर त्यानं हाक दिली, "माया, थांब गं." मग जरा वेळानं, "भोळ्या."

भोळ्या थांबला. त्याचे लांब कान वळले, मानही वळली. त्याच्या डोळ्यांत त्या आवाजाबद्दल राग दिसला नाही, ना कोयत्याचा, ना सुईचा.

मी किटली वाजवली. "चल रं बाळा, निघ," म्हणाले. त्यानं एकदा मागं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि लंगडत लंगडत माझ्या मागून ओढ्यात उतरला.